किरणांची शोषित मात्रा (डोस) मोजणारं हातातलं यंत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत बनवता येईल का?

सोल्डरगन

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. अकरावीच्या मुलांचा एक गट कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबून काही ना काही जोडत असतो. यंदा त्यांनी किरणोत्सर्ग ओळखणारा गायगर काउंटर बनवला. एसबीएम-२० ही जुनी सोव्हिएत नळी, ४०० व्होल्ट देणारा छोटा बूस्टर, आर्डुइनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड आणि दोन ओळींचा डिस्प्ले. पहिली टिकटिक ऐकून मुलं अक्षरशः उड्या मारत होती.

डिस्प्लेवर आकडा आला, ०.१४ मायक्रोसीव्हर्ट प्रति तास (सीव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या डोसचं एकक). गटातल्या एका मुलीने विचारलं, "सर, हे यंत्राने मोजलं कसं?" आम्ही प्रोग्राम उघडून पाहिला. मिनिटाला पडलेले ठोके गुणिले ०.००५७, बस्स. तिचं समाधान झालं नाही, माझंही नाही. ग्रे म्हणजे एक किलो पदार्थात शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा, असं आपण वर्गात शिकवतो. या नळीने ऊर्जा मोजलेलीच नाही. फोटॉन मोठ्या ऊर्जेचा असो की छोट्या, स्पंद तेवढाच.

तर प्रश्न असा: ज्याचा आकडा ज्यूल आणि किलोपर्यंत मागे नेऊन दाखवता येईल, असं उचलून नेण्याजोगं यंत्र मुलांच्या हातून बनेल का? फोटोडायोड, स्फटिक, आयनीकरण कक्ष, काहीही चालेल. किरणोत्सारी स्रोत मात्र विकत आणणार नाही, ते आधीच ठरवलंय.

टापकीर_गल्ली

सर, आधी मुलांचं अभिनंदन! मी अशी बरीच किट जोडली आहेत. एक गोष्ट तपासा. ते ४०० व्होल्ट साध्या मल्टिमीटरने मोजले असतील तर तो आकडा सोडून द्या. मल्टिमीटरचा रोध १० मेगाओहम असतो, त्या भाराखाली बिचारा बूस्टर बसतो आणि मीटर कमी दाखवतो. मग माणूस प्रीसेट फिरवून व्होल्टेज वाढवतो आणि मीटर काढला की नळीवर भलतंच जास्त. १ गिगाओहमचा विभाजक लावून मोजा. एसबीएम-२० चा पठारी भाग, म्हणजे व्होल्टेज थोडं बदललं तरी ठोके जवळपास तेवढेच राहतात तो पट्टा, साधारण ३५० ते ४७५ व्होल्टचा आहे, मधोमध राहा. अॅनोडचा ५ मेगाओहमच्या आसपासचा रोध नळीच्या टोकाला अगदी चिकटून हवा.

आणि ०.००५७ ला एवढं घाबरू नका. सगळे तेच वापरतात, चालतं की.

अनुराधा_आर

मी रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे, रेडिएशन सेफ्टीचं कामही माझ्याकडे असतं. टापकीर_गल्ली यांचं व्होल्टेजबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. शेवटच्या ओळीशी मात्र मी सहमत नाही, आणि त्या मुलीचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

०.००५७ हा आकडा एका विशिष्ट परिस्थितीतून येतो. ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण नळीवर सोडले, तिथला डोस दर आधीच माहीत होता, ठोके मोजले, भागाकार केला. म्हणजे मिनिटाला सुमारे १७५ ठोके बरोबर १ मायक्रोसीव्हर्ट प्रति तास. बाजारात हल्ली जे३०५ ही काचेची नळी मिळते, तिच्या प्रोग्राममध्ये ०.००८१ लिहिलेलं असतं. नळी बदलली आणि प्रोग्राम तसाच राहिला तर उत्तर चाळीस टक्क्यांनी इकडचं तिकडे जातं.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. धातूच्या भिंतीची उघडी गायगर नळी कमी ऊर्जेच्या फोटॉनना प्रमाणाबाहेर प्रतिसाद देते. सीझियम-१३७ च्या ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला ती बरोबर वाचत असेल, तर ६० ते १०० च्या पट्ट्यात तोच डोस ती कित्येक पट फुगवून दाखवते. धंद्यातली चांगली यंत्रं यासाठी नळीभोवती कथील किंवा शिशाचं पातळ वेष्टण घालतात आणि त्यात मोजून फटी ठेवतात, म्हणजे कमी ऊर्जेचे फोटॉन हवे तेवढेच आत जातात. फटी किती, हे मानक स्रोतासमोर ठेवूनच ठरतं.

गॅमासाठी ग्रे आणि सीव्हर्टचा आकडा सारखाच येतो, त्यामुळे एककाचा घोळ इथे आड येत नाही. पण मोजतोय ठोके आणि लिहितोय डोस, हे मला शिक्षणाच्या जागी नको वाटतं.

शेतकरी_इंजिनियर

अनुराधाताईंच्या मुद्द्याला घरचा पुरावा देतो. स्रोत विकत आणायची गरजच नाही, खताच्या दुकानात आहे. म्युरेट ऑफ पोटॅश. नैसर्गिक पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं, म्हणजे एका ग्रॅमला साधारण ३१ बेकरेल, सेकंदाला ३१ विघटनं. पोटॅशच्या ५० किलोच्या गोणीत पोटॅशियम सुमारे २५ किलो. करा हिशोब, पावणेआठ लाख बेकरेल आणि आपण ती खांद्यावर टाकून रानात नेतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आपल्या अंगातही हेच पोटॅशियम आहे.

प्रयोग असा. पिशवीत अर्धा किलो पोटॅश घ्या, एसबीएम-२० वर ठेवा. आकडा चढलेला दिसेल. आता मधे ३ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा सरकवा. आकडा झपकन खाली येतो. पोटॅशियम-४० मुख्यतः बीटा सोडतं, जास्तीत जास्त १.३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे, आणि ते या पत्र्यात अडकतात. त्याचे गॅमा साधारण दर दहा विघटनांमागे एक, आणि ते पत्र्याला दाद देत नाहीत. म्हणजे पत्र्याशिवाय जो मायक्रोसीव्हर्टचा आकडा दिसत होता तो बीटाच्या ठोक्यांना गॅमाचा गुणक लावून काढलेला होता. मुलांना हे एकदा दाखवलं की वेगळं समजवावं लागत नाही.

चहाबाज

केळ्यातपण पोटॅशियम असतं म्हणे. शिकरण करून मोजलं तर चालेल का? :)

शेतकरी_इंजिनियर

@चहाबाज, शिकरण खाऊन टाका. एका केळ्यात जेमतेम १२-१५ बेकरेल असतात, या नळीला ते सगळीकडे असलेल्या नैसर्गिक पार्श्वभूमीतून वेगळे दिसणार नाहीत. पोटॅशच घ्या. :)

शंकासूर

एक मूलभूत शंका. तयार यंत्रं मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आहे, त्याचं रेडिएशन हे मोजेल का? तसं असेल तर मीही बनवीन.

टापकीर_गल्ली

@शंकासूर, नाही मोजणार. टॉवरच्या लहरींच्या फोटॉनची ऊर्जा इतकी कमी असते की अणूतून इलेक्ट्रॉन निघत नाही, म्हणजे आयनीकरण नाही, म्हणजे नळीत ठोका नाही. उलट टॉवरच्या किंवा फोनच्या अगदी जवळ नेलंत आणि सर्किटला नीट धातूचं आवरण नसेल तर लहरी तारांमध्ये शिरून खोटे ठोके पडतात. ते बघून कुणी सोसायटीच्या बैठकीत भांडण काढू नये.

अनुराधा_आर

@शंकासूर, "कशासाठी" याचं एक उत्तर मायापुरीत आहे. २०१० साली दिल्लीच्या भंगार बाजारात एका विद्यापीठातलं जुनं कोबाल्ट-६० चं यंत्र लिलावात विकलं जाऊन पोहोचलं. कामगारांनी ते तोडलं. एकाचा मृत्यू झाला, इतर बरेच आजारी पडले. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात सीझियम-१३७ ने असंच झालं, तिथे चार माणसं गेली. दोन्हीकडे सुरुवातीला कुणाच्या हातात साधं यंत्र नव्हतं आणि ते काय आहे हे ओळखणारं माणूसही नव्हतं. यंत्र विकत मिळतं. त्याचा आकडा कधी मानायचा आणि कधी नाही, हे समजणारी मुलं तयार व्हावीत म्हणून सरांचा खटाटोप मला आवडतो.

तोक्योकर

मी जपानमध्ये, तोक्योशेजारच्या सैतामामध्ये राहतो. ११ मार्च २०११ च्या फुकुशिमा अणुअपघातानंतर इथे आम्हा सगळ्यांनाच प्रश्न पडला होता की आपल्या गल्लीत किती आहे. सरकारी आकडे एकेका मोठ्या भागाचे, आणि दुकानांतून काउंटर गायब. त्यातून सेफकास्ट उभं राहिलं. स्वयंसेवकांनी बीगायगी नावाचं यंत्र बनवलं, ते गाडीच्या खिडकीबाहेर लावायचं, जीपीएससह दर पाच सेकंदांनी नोंद होते. पुढचं बीगायगी नॅनो हे किट लोक स्वतः सोल्डर करून बनवतात. सगळी माहिती कुणालाही वापरायला खुली.

त्यात एलएनडी-७३१७ ही चपट्या थाळीसारखी नळी असते आणि १ मायक्रोसीव्हर्ट प्रति तासाला मिनिटाला ३३४ ठोके धरले जातात. अनुराधाताई म्हणतात तसा तोही एक गुणकच. पण इथे तो वापरणं योग्य होतं, कारण जमिनीवर पडलेलं मुख्यतः सीझियम होतं आणि गुणकही सीझियमचा. स्रोत कोणता हे माहीत असेल तर गायगर नळी बऱ्यापैकी खरं बोलते. ०.००५७ ला सरसकट खोटं म्हणू नये असं मला वाटतं.

त्याच काळात पॉकेट गायगर नावाचं फोटोडायोडवर चालणारं स्वस्त किटही निघालं, फोनच्या माइकच्या भोकात खुपसायचं. सुरुवातीला ते पुदिन्याच्या गोळ्यांच्या प्लास्टिकच्या डबीत बसवायचे. माझ्याकडचं अजून चालू आहे.

सोल्डरगन

वा, हे फोटोडायोडचं मुलांना भारी आवडेल. बीपीडब्ल्यू३४ हे छोटे फोटोडायोड आमच्याकडे पडून आहेत. @तोक्योकर, त्याने जमेल?

टापकीर_गल्ली

मी सांगतो, बीपीडब्ल्यू३४ वर हात बसलाय. त्याचं संवेदनशील क्षेत्र फक्त ७.५ चौरस मिलिमीटर. नैसर्गिक पातळीला मिनिटाला एक ठोकाही नीट मिळत नाही. पॉकेट गायगरमधला डायोड याच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. शिवाय प्रकाश लागला की गोंधळ, म्हणून फॉइलमध्ये गुंडाळायचा, आणि टेबलाला धक्का लागला तरी ठोका. वर्गात दाखवायला मजा येते, पण डोससाठी नाही. आणि सिलिकॉन असल्यामुळे कमी ऊर्जेला हाही फुगवून दाखवतो, म्हणजे सरांचा मूळ आजार तसाच.

एक्सरेवाली

मी पोर्टेबल एक्स-रे करते, वॉर्डांत मशीन घेऊन फिरते. भावाने असंच किट बनवून दिलं होतं. एक्स्पोजर देताना शेजारी ठेवलं तर कधी काहीच नाही, कधी भलताच मोठा आकडा. म्हणजे डोस मोजायला आम्हाला लावायला देतात त्या बॅजवर तरी विश्वास ठेवू का?

अनुराधा_आर

@एक्सरेवाली, ताई, बॅज नियमित लावा आणि त्यावरच विश्वास ठेवा. एक्स्पोजर सेकंदाच्या छोट्या अंशात संपतं. किट मिनिटाची सरासरी दाखवतं, त्यात तो क्षण विरघळून जातो. त्या क्षणात फोटॉन इतके दाटून येतात की नळीला दोन ठोक्यांमधे सावरायला वेळच मिळत नाही. एसबीएम-२० ला एका ठोक्यानंतर सुमारे १९० मायक्रोसेकंद काही दिसत नाही. सेकंदाला १,००० ठोके नोंदले असतील तर खरे १,२३५ होते, एवढं गणिताने भरून काढता येतं. त्याच्या फार पुढे गणितही हात टेकतं. त्यात तुमच्या एक्स-रेची ऊर्जा नेमकी त्या फुगवून दाखवणाऱ्या पट्ट्यात.

आपल्याकडच्या टीएलडी बॅजमध्ये डिस्प्रोशियम घातलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेली पद्धत आहे ही. एकीवर धातूची गाळणी, एकीवर प्लास्टिकची, एक उघडी. चकती मिळालेली ऊर्जा स्फटिकात धरून ठेवते, तीन महिन्यांनी तापवली की प्रकाश देऊन ती परत करते. तिन्ही चकत्यांच्या प्रकाशाचं प्रमाण बघून किरणांची ऊर्जा कळते आणि दुरुस्ती करता येते. डोस क्षणात आला की तीन महिन्यांत, चकतीला फरक पडत नाही. आणि बॅज छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत. एप्रनच्या बाहेर लटकवलेला बॅज मी रोज बघते आणि रोज सांगते. वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा तुमच्यासाठी आहे, ती त्या बॅजवरून तपासली जाते.

एक्सरेवाली

धन्यवाद ताई. बॅज उद्यापासून एप्रनच्या आत.

हैदराबादी_मराठी

अवांतर, पण मुलांना उपयोगी. सुट्टीत पुण्याला येताना काउंटर घेऊन येतो. हैदराबादच्या ग्रॅनाइटवर ठोके ठळकपणे जास्त पडतात, सोलापूरच्या बऱ्याच आधी काळा पाषाण सुरू झाला की कमी होतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम, युरेनियम, थोरियम तिन्ही ग्रॅनाइटपेक्षा बरीच कमी. प्रवासभर नोंद ठेवली की खालचा दगड बदललेला आलेखात दिसतो. यासाठी सीव्हर्ट लागतच नाहीत, ठोके पुरतात.

किनारपट्टी

रत्नागिरीहून नमस्कार. आमच्या काळ्या वाळूबद्दल नेहमी विचारतात म्हणून आधीच सांगतो, ती मुख्यतः इल्मेनाइटची आहे. केरळात चवरा-नींदकरा पट्ट्यात मोनाझाइट असतं, त्यातल्या थोरियममुळे तिथे पार्श्वभूमी खूप चढते. तसं इथे नाही.

मला सांगायचंय ते पावसाचं. पहिला जोरदार पाऊस थांबला की टिश्यू पेपरने गाडीचं टप पुसा आणि तो कागद घडी करून नळीवर ठेवा. ठोके वाढतात! हवेतल्या रेडॉनपासून बनलेली शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाबरोबर खाली येतात. त्यांची अर्धायुष्यं २७ आणि २० मिनिटांची, त्यामुळे साधारण अर्ध्या-पाऊण तासात वाढलेले ठोके निम्मे होतात. आलेख काढा, घातांकी घट हातात येते. आमच्या शाळेतल्या मुलांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा मुख्याध्यापकांसकट सगळे गाडीभोवती गोळा झाले होते.

टापकीर_गल्ली

किनारपट्टी, हे अफलातून आहे. येत्या जूनला नक्की करणार.

जुनाजाणता

धागा उशिरा पाहिला. माझी सगळी नोकरी उपकरणांच्या विभागात गेली, आता निवृत्त आहे. सोल्डरगन सर, तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारं यंत्र एकच आहे, आयनीकरण कक्ष. वर कुणी त्याकडे वळलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

डब्यातली हवा किती, ते आकारमानावरून कळतं. लिटरला सुमारे १.२ ग्रॅम. किरण हवेत आयन बनवतात, तो सगळा विद्युतभार गोळा करायचा. कोरड्या हवेत एक कूलॉम भार सुटायला ३३.९७ ज्यूल ऊर्जा लागते, हा मोजून पक्का केलेला आकडा आहे. भार गुणिले ३३.९७ म्हणजे ज्यूल, भागिले हवेचं वस्तुमान म्हणजे ज्यूल प्रति किलो. हाच ग्रे. कुठलाही उसना गुणक नाही. ताईंच्या विभागात जो फार्मर कक्ष वापरतात तो याच तत्त्वावर चालतो, फक्त ०.६ घनसेंटिमीटरचा. एका ग्रेला त्यात साधारण २१ नॅनोकूलॉम मिळतात.

आता वाईट बातमी. नैसर्गिक पातळी तासाला ०.१ मायक्रोग्रे धरली आणि कक्ष एक लिटरचा, तर प्रवाह येतो १ फेम्टोअँपिअर. एका अँपिअरचा कितवा भाग ते शब्दांत राहू द्या, दशांशचिन्हानंतर १४ शून्यं आणि मग एक. अंगठ्याचा तेलकट ठसा इन्सुलेटरवर उमटला तरी याहून जास्त प्रवाह गळून जातो.

टापकीर_गल्ली

काका, मग झालंच की. एलएमसी६००१ सारख्या उत्तम ऑप-अँपचा (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपचा) स्वतःचा इनपुट प्रवाह जास्तीत जास्त २५ फेम्टोअँपिअर लिहिलेला असतो. १ फेम्टो मोजणार कसा? कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे होणार नाही, मुलांचा हिरमोड होईल.

जुनाजाणता

होईल. प्रवाह मोजू नका, भार साठवा. व्हिक्टर हेस १९१२ मध्ये बलूनमधून पाच हजार मीटरच्या वर गेला तेव्हा त्याच्याकडे कुठलं ऑप-अँप होतं? वुल्फच्या बनावटीचा बंद डब्यातला विद्युतदर्शी होता. तार किती वेळात किती सरकते एवढंच बघायचं. वैश्विक किरण त्याच यंत्राने सापडले, आणि ते हातात धरून नेण्याजोगंच होतं.

तीन लिटरचा अॅल्युमिनियमचा डबा घ्या, झाकण घट्ट बसणारा. ०.१ मायक्रोग्रे प्रति तासाला ३ फेम्टोअँपिअर मिळतील. १० पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर तासभर साठवले तर व्होल्टेज साधारण १ व्होल्टने बदलतं. एक व्होल्ट! तो कुठलाही मीटर ओळखतो. ऑप-अँप सतत जोडून ठेवायचं नाही, रीड रिलेने (चुंबकाने चालणाऱ्या छोट्या स्विचने) तासाच्या शेवटी क्षणभर टेकवायचं. डब्यावर ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या ओळीने जोडून ९० व्होल्ट द्या. बूस्टर नको, त्याची कुरकुर सगळं बिघडवते.

डब्यात भार गोळा करणारी मधली सळई टेफ्लॉनच्या खुंटीवर बसवा. टेफ्लॉनवर दाब आला की तो स्वतःच भार सोडतो, म्हणून जोडणी झाल्यावर रात्रभर हात लावू नका. खुंटीच्या मधोमध एक धातूचं कडं घालून ते सळईच्याच व्होल्टेजला ठेवा, म्हणजे पृष्ठभागावरून गळती सळईपर्यंत पोहोचत नाही. सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि आत सिलिका जेल. डबा बंदच हवा. बाहेरच्या हवेतला रेडॉन आत येत राहिला तर त्याचा एकेक अल्फा कण दीड लाखाच्या आसपास आयनजोड्या बनवतो आणि गॅमाचं वाचन त्यात हरवतं.

किनारपट्टी

काका, सिलिका जेलला दुजोरा. इथे जुलैत भिंतीला पाणी सुटतं. इन्सुलेटरची सगळी गळती ओलाव्यातून होते, जेल निळी असेपर्यंतच वाचन घ्यायचं.

अनुराधा_आर

काका, मनापासून आभार, हे मीच लिहायला हवं होतं. दोन गोष्टी जोडते. काकांचा डबा बंद आहे म्हणून त्यातली हवा तेवढीच राहते. कुणी उघडा कक्ष बनवला तर दाबाची दुरुस्ती करावी लागेल. समुद्रसपाटीला जमवलेला कक्ष पुण्यात साडेसहा-सात टक्के कमी दाखवेल आणि महाबळेश्वरला सुमारे पंधरा टक्के, कारण डब्यात हवाच कमी. साताऱ्याच्या मुलांना हे गणित घालाच.

दुसरी गोष्ट, हवेतला डोस म्हणजे शरीरातला नव्हे. सीझियमसारख्या ऊर्जेला पेशींमध्ये हवेच्या सुमारे १.१ पट. कमी ऊर्जेला डब्याची भिंतही बोलू लागते, म्हणून अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा बरा. पुढच्या टप्प्यात अॅक्रिलिकचा कक्ष आतून ग्राफाइट लावून करता येईल.

शंकासूर

मी टॉवरसाठी आलो होतो आणि सगळा धागा वाचून काढला. एक विचारतो. काकांचं यंत्र तासाला एक वाचन देतं. अपघात झाला तर तासभर कोण थांबणार?

जुनाजाणता

रास्त प्रश्न. डोस वाढला की वेळ त्याच प्रमाणात कमी लागतो. हजारपट झाला तर तासाऐवजी चार सेकंदांहूनही कमी. अमेरिकेत ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या क्रेसन कीर्नी यांनी सत्तरच्या दशकात घरगुती वस्तूंचा असा मीटर बनवून त्याचं आरेखन लोकांसाठी खुलं केलं. खाद्यपदार्थाचा रिकामा डबा, घडी घातलेल्या अॅल्युमिनियम फॉइलची दोन पानं, बारीक धागा, आणि आतली हवा कोरडी राखायला भाजून घेतलेला जिप्समचा तुकडा. बॅटरी नाही. मापं बरहुकूम ठेवली तर मानक स्रोतासमोर नेण्याची गरज पडत नाही, कारण मापांतूनच वाचन ठरतं. तासाला ३० मिलिराँटजनपासून ४३ राँटजनपर्यंत (राँटजन हे किरणांचं जुनं एकक) वाचतो, म्हणजे नैसर्गिक पातळीच्या तीन हजार पटींपासून पुढे. खरं तर ज्या पातळीला गायगर नळी गुदमरते तिथे आयनीकरण कक्ष मजेत असतो.

अनुराधा_आर

हे शेवटचं वाक्य सगळ्यांनी वाचावं. १९८६ च्या त्या रात्री चेर्नोबिलमध्ये हाताशी असलेले मीटर सेकंदाला १,००० मायक्रोराँटजनलाच संपत होते, म्हणजे तासाला ३.६ राँटजन. काटा टोकाला टेकला आणि तोच आकडा "मोजमाप" म्हणून वर कळवला गेला. सर, मुलांच्या गायगरच्या प्रोग्राममध्ये ठोके एका मर्यादेपलीकडे गेले की आकडा पुसून "क्षमतेबाहेर" असं दिसू द्या. त्या दोन ओळी लिहिल्याशिवाय कुठलंही यंत्र हाताबाहेर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

टापकीर_गल्ली

ताई, हे पटलं. माझ्या सगळ्या किटमध्ये घालतो. काका, टेफ्लॉनची सळई पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या टापकीर गल्लीत नाही मिळणार, पण इंजिनियरिंग प्लास्टिकवाल्यांकडे कापून मिळते. सरांना पाठवून देतो, पैसे नकोत.

सोल्डरगन

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांना धागा मोठ्याने वाचून दाखवला. ठरलंय ते असं. गायगरच्या डिस्प्लेवरून मायक्रोसीव्हर्ट काढून टाकले, आता फक्त मिनिटाचे ठोके आणि त्यापुढे त्यांच्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता दिसते. मिनिटाला २५ ठोके असतील तर ±५, म्हणजे वीस टक्के, हे समोर दिसल्यावर मुलं आपोआप दहा मिनिटं थांबू लागली. "क्षमतेबाहेर" घातलं. पोटॅशचा प्रयोग झाला, पत्रा सरकवताच वर्गात "ओऽऽ" झालं.

आणि तीन लिटरचा डबा आणलाय. आकारमान पाणी भरून मोजलं, मग दोन दिवस उन्हात वाळवला. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने आता पुढचं विचारलंय. डब्याची स्वतःची गळती आणि खरा डोस वेगळे कसे ओळखायचे? मला वाटलं बॅटरी उलटी लावून बघू. आणखी काही?

जुनाजाणता

बॅटरी उलटी लावाच. आयनांचा भार दिशा बदलेल, टेफ्लॉनचा साठलेला भार बदलणार नाही. दोन्ही वाचनांच्या फरकाचा निम्मा हा आयनांचा. शिवाय ९० ऐवजी ४५ व्होल्टवरही बघा. आयन सगळे गोळा होत असतील तर वाचन तेवढंच राहील, गळती असेल तर निम्म्यावर येईल.

हैदराबादी_मराठी

आणि वेण्णा तलाव! नावेतून काठापासून शे-दीडशे मीटर आत जायचं, खाली एक-दोन मीटरपेक्षा जास्त पाणी हवं. जमिनीतून येणारे गॅमा पाण्यात अडकतात, उरतात फक्त वैश्विक किरण आणि यंत्राचं स्वतःचं. काठावरचं आणि नावेतलं वाचन यातला फरक म्हणजे जमिनीचा डोस. इटलीच्या डोमेनिको पाचिनीने १९११ मध्ये लिव्होर्नोजवळ समुद्रात यंत्र तीन मीटर बुडवून असंच काहीसं केलं होतं.

अनुराधा_आर

उत्तम सुचवलंत. फक्त बेसाल्टमुळे काठावरचं वाचनही कमीच असेल, फरक छोटा येईल. काठावर आणि नावेत दोन्हीकडे निदान दोन-दोन तास द्या. गायगरही सोबत न्या, म्हणजे दोन्ही यंत्रं एकाच जागी तपासता येतील. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं.

सोल्डरगन

नाववाल्याशी बोलतो. सकाळी लवकर, वारा नसताना जाऊ. वाचनं याच धाग्यावर टाकेन, आलेखासकट.

चहाबाज

सर, नावेत चौघांची जागा असेल तर मी थर्मास घेऊन येतो.